जर्मनटाऊनचे शेजारी

ब्रदरन, मेनोनाइट, क्वेकर ही ख्रिस्ती पंथांची तीन नावं कायम एका दमात घेतली जातात, म्हणून मला आधी वाटायचं एकाच घरातले भाऊ असतील. तसं नाहीये. मेनोनाइट सोळाव्या शतकातले, स्वित्झर्लंड-हॉलंडकडचे, क्वेकर इंग्लंडात १६५० च्या आसपास जॉर्ज फॉक्समुळे उभे राहिले, आणि ब्रदरन सगळ्यात धाकटे, १७०८ ला जर्मनीत श्वार्झेनाऊला आठ जणांनी एडर नदीत बाप्तिस्मा घेतला तिथून सुरुवात. आता बाप्तिस्म्याचंच बघा ना, ब्रदरन पाण्यात गुडघे टेकून तोंड पुढे करून तीनदा बुडी घेणार, मेनोनाइटांमध्ये बऱ्याच ठिकाणी डोक्यावर पाणी ओततात आणि क्वेकरांना तर पाणीच नको.

तिघं शेजारी झाले ते अमेरिकेत, फिलाडेल्फियाजवळच्या जर्मनटाऊनला. १६८३ ला जर्मनीतल्या क्रेफेल्डहून १३ कुटुंबं आली, बरीचशी मेनोनाइट घरांतून क्वेकर झालेली, आणि १७१९ ला ब्रदरनांची पहिली तुकडी आली तीपण क्रेफेल्डहूनच!

मधे १६८८ ला याच गावात चौघांनी गुलामगिरीविरुद्ध एक कागद लिहिला. चोरणारा आणि चोरीचा माल घेणारा सारखेच ना, मग माणसं विकत घेणारे आपण कोण, असं सरळ विचारलंय. क्वेकरांची मासिक सभा म्हणाली विषय फार जड आहे, वर पाठवा, त्रैमासिक सभेने वार्षिक सभेकडे ढकललं आणि तिथे तो तसाच पडला. गुलाम ठेवायचेच नाहीत असा त्या वार्षिक सभेचा नियम व्हायला १७७६ उजाडलं, म्हणजे ८८ वर्षं, मला अजून राग येतो याचा.

पण शस्त्र उचलायचं नाही आणि शपथ घ्यायची नाही, यावर तिघंही ठाम. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात हे महागात पडलं. क्रिस्तोफर सॉवर धाकटा, जर्मन बायबल छापणारा ब्रदरन माणूस, त्याला १७७८ ला सैनिकांनी घरातून उचललं, दाढी भादरली, अंगाला रंग फासला, मग घर, छापखाना सगळं लिलावात.

युद्ध आलं तर काय करायचं हे तिघांनी एकत्र बसून ठरवायला मात्र १९३५ उजाडलं, कॅन्सासमधल्या न्यूटनला. त्यामुळे दुसऱ्या महायुद्धात १२ हजारांच्या आसपास युद्ध नाकारणारी पोरं बंदुकीऐवजी जंगलात, शेतात आणि मनोरुग्णालयांत कामाला गेली. तिथे रुग्णांना कसं उघडं, बांधून ठेवतात ते त्यांनी लिहून ठेवलं, आणि १९४६ ला लाइफ मासिकात ते फोटोंसकट छापून आलं.