सूक्ष्मदर्शकाखालचा लसपट्टा

त्वचेतून लस देणारा एक पट्टा आज प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला मिळाला, आणि तेव्हापासून मनात दुसरा विषयच नाही. वापरण्यापूर्वीच्या पट्ट्यावर अणकुचीदार सुयांच्या रांगा स्पष्ट दिसत होत्या. त्वचेवर काही मिनिटे दाबून काढलेल्या पट्ट्यावर मात्र टोके नाहीशी होऊन नुसती बुडखी उरली होती. या सुया मिलिमीटरहूनही आखूड असतात. त्या पाण्यात विरघळणाऱ्या बहुवारिकाच्या (पॉलिमरच्या) आणि साखरेच्या बनवतात व लस त्यांतच मिसळलेली असते. त्वचेतील ओलाव्याने सुई विरघळली, की लस थेट तिथल्या रोगप्रतिकारक पेशींपर्यंत पोहोचते. टोचलेल्या सुईची विल्हेवाट लावण्याचा प्रश्नच उरत नाही, हे मला फार मोलाचे वाटते.

अमेरिकेत झालेल्या आणि २०१७ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या चाचणीत असा फ्लूचा पट्टा ४० अंश सेल्सिअसलाही वर्षभर टिकला. नेहमीच्या बहुतेक लसींना २ ते ८ अंशांची शीतसाखळी, म्हणजे कारखान्यापासून टोचेपर्यंत थंड ठेवण्याची व्यवस्था, लागते, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याचे महत्त्व कळते. पुढे गांबियात गोवर-रुबेलाचा पट्टा तान्ह्या बाळांना लावून पाहिला, तेव्हा प्रतिकारशक्ती इंजेक्शनाइतकीच निर्माण झाली. ती चाचणी लहान होती. मोठ्या चाचण्या आणि त्याहून अवघड असे मोठ्या प्रमाणावरील निर्जंतुक उत्पादन अजून व्हायचे आहे. त्यासाठी लागणारा पैसा सरकारांनी आणि दात्यांनी आताच द्यायला हवा, असे माझे ठाम मत आहे.