फ्रिट्झ पोलार्डचं कार्ड : पुढची बाजू झाली, मागची बाकी

जुन्या अमेरिकन फुटबॉल खेळाडूंची जी कार्डं मी हाताने रंगवतोय, त्यातल्या पोलार्डच्या कार्डाची पुढची बाजू काल रात्री पूर्ण झाली. फोटो सगळे कृष्णधवल, त्यामुळे जर्सीचा रंग अंदाजाने भरायचा नाही असं ठरवलं आणि सगळं चित्र तपकिरी छटांत केलं. चामड्याच्या हेल्मेटच्या शिवणीलाच दोन संध्याकाळी गेल्या.

आधी तो बॉल घेऊन पळतानाचं रेखाटन केलं होतं. ते बाजूला ठेवलं. उंची 5 फूट 9 इंच, वजन जेमतेम 75 किलो. तो काळा, म्हणून त्याला पाडल्यानंतरही प्रतिस्पर्धी अंगावर उड्या घेत. मग पडल्याबरोबर तो पाठीवर वळून बुटांचे खिळे वर करायचा. आता कार्डावर तोच क्षण आहे. माझ्या मते त्याची खरी ओळख तिथे आहे.

मागच्या बाजूला साठेक शब्द मावतात आणि कारकीर्द तर केवढी! ब्राउन विद्यापीठाकडून 1916 चा रोझ बाउल, म्हणजे कॉलेज संघांचा मानाचा सामना (तो वॉशिंग्टन स्टेटने 14-0 जिंकला). 1920 मध्ये नवी व्यावसायिक लीग (आजची एनएफएल) सुरू झाली, तिचा पहिला विजेता पोलार्डचा संघ अ‍ॅक्रन प्रोज: 8 विजय, 3 बरोबरी, हार एकही नाही. अख्ख्या हंगामात त्यांच्यावर फक्त 7 गुण झाले! मिलवॉकी, हॅमंड, प्रॉव्हिडन्स ही त्याच्या बाकीच्या संघांची नावं एका ओळीत उरकतो.

जागा द्यायची आहे ती 1921 ला. त्या वर्षी अ‍ॅक्रनमध्ये खेळता खेळता एल्गी टोबिनच्या जोडीने तो प्रशिक्षकही झाला. या लीगमधला पहिला काळा मुख्य प्रशिक्षक. पुढे 1934 ते 1945 लीगमध्ये एकही काळा खेळाडू नव्हता. त्याच काळात पोलार्ड हार्लेममध्ये ब्राउन बॉम्बर्स हा काळ्या खेळाडूंचा संघ घडवत होता. लीगला दुसरा काळा मुख्य प्रशिक्षक मिळाला 1989 मध्ये, आर्ट शेल. म्हणजे 68 वर्षांनी. पोलार्ड 1986 मध्येच गेला होता. हॉल ऑफ फेममध्ये त्याचं नाव लागलं 2005 मध्ये.

म्हणून मागे मधोमध 1921 आणि 1989 हे दोनच आकडे मोठे काढतोय, बाकी मजकूर त्यांच्या भोवती बारीक अक्षरात. शाई रविवारी. त्यानंतर पॉल रॉबसन: अ‍ॅक्रन आणि मिलवॉकी, दोन्हीकडे तो पोलार्डसोबत खेळला, तेव्हा ही दोन कार्डं शेजारी शेजारीच लागतील.