भाच्याचा हेडसेट

आज भाच्याचा मेटा क्वेस्ट ३, म्हणजे डोळ्यांवर लावून आभासी जग (व्हीआर) दाखवणारा हेडसेट, दुपारभर घरात या डोक्यावरून त्या डोक्यावर फिरत होता. साधारण अर्धा किलो वजन. मागचा पट्टा नीट खाली ओढला नाही तर सगळा भार गालांवर येतो. त्याहून महत्त्वाचं म्हणजे भिंगांमधलं अंतर. हेडसेटच्या खालच्या बाजूला एक छोटं चाक आहे. ते फिरवता फिरवता धूसर अक्षरं एकदम लख्ख झाली! दोन डोळ्यांमधलं अंतर प्रत्येकाचं वेगळं, त्यामुळे माणूस बदलला की चाकही फिरवायचं. नवख्या माणसाला हे आधी सांगायलाच हवं.

त्यातला 'बीट सेबर' हा खेळ मला मनापासून आवडला. गाण्याच्या तालावर अंगावर येणारे लाल-निळे ठोकळे दोन्ही हातांनी सपासप कापायचे. उभं एकाच जागी राहायचं, म्हणून गरगरत नाही. घाम मात्र चांगला निघतो.

मग ताईने रोलर कोस्टर लावला. पहिल्याच उतारावर ओरडली, "अरे काढ रे हे, पोटात ढवळतंय!" डोळे सांगतात आपण कोसळतोय, कानाच्या आतली तोल सांभाळणारी यंत्रणा सांगते आपण सोफ्यावर बसलोय. मेंदूला याचा मेळ लागत नाही आणि मळमळतं. अशा वेळी "थोडं सहन कर" असं कुणालाही म्हणू नका, प्लीज. लगेच थांबायचं, पंख्याखाली बसायचं. सवय होते, पण थोडं थोडं खेळून.

आणि हो, हेडसेट खिडकीत ठेवू नका. भिंगांवर थेट ऊन पडलं तर आतला डिस्प्ले जळू शकतो.