उजनीकाठी दोन रात्री आणि एक ओला टॉवेल

"मामा, मे महिन्यात तंबू? सोलापुरात?" भाच्यानं फोनवर तीनदा विचारलं. तो पुण्याचा. तिकडं पारा 38 ला टेकला की यांच्या ग्रुपवर 'काळजी घ्या'चे मेसेज फिरायला लागतात. मी म्हणालो, "ये तर खरं. ऊन कसं झेलायचं ते दाखवतो."

हे वाक्य पुढच्या दोन दिवसांत त्यानं मला किमान दहा वेळा ऐकवलं.

आता थोडी फुशारकी मारू द्या, कारण पुढं मारायला जागा नाही. आमच्याकडं एप्रिलमध्येच पारा 40 ओलांडतो आणि मे महिन्यात 42-43 झाला तरी कुणी पेपर खाली ठेवत नाही. दुपारी एक ते चार गल्लीत कुत्रंसुद्धा हलत नाही. लहानपणी आम्ही माळवदावर झोपायचो. संध्याकाळी चार बादल्या पाणी शिंपडायचं, माती चर्र करायची, वास सुटायचा, आणि नवाच्या पुढं अंथरुणं पडायची. आजी दाराला ओलं पोतं टांगायची. घाम कधी आला नि कधी वाळला कळायचंही नाही, पाठीवर शर्टाला मिठाची पांढरी रेघ दिसायची तेवढीच. या सगळ्याला आम्ही काटकपणा म्हणत आलो. आमची हवा कोरडी आहे आणि निम्मं काम ती हवाच करते, हे कधी डोक्यात आलंच नाही.

तिघं निघालो. मी, भाचा आणि माझा एक दोस्त, जो अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात आहे. त्याच्या घरी टॉवेल मोजून ठेवत नाहीत, थप्प्या लावून ठेवतात. त्यानं सहा टेरी टॉवेल आणि दोन चादरी आणल्या. भाच्यानं नायलॉनचा तंबू, हेडलॅम्प आणि तापमान-आर्द्रता दाखवणारं एक चिमुकलं मीटर आणलं. मी वीस-वीस लिटरचे पाण्याचे दोन जार, एक माठ, शेंगाची चटणी, कडक भाकरी, दोन किलो कांदे आणि आंबिलीसाठी ज्वारीचं पीठ घेतलं. टेंभुर्णीपर्यंत दीड तास एसी चालला. तिथं मी जाहीर केलं, "आता एसी बंद. परतीला टेंभुर्णी येईपर्यंत हात लावायचा नाही." दोस्त म्हणाला, "कशाला शपथा घेऊलालास बे?" ऐकायला हवं होतं.

टेंभुर्णीहून करमाळ्याकडं वळलं की कंदरच्या केळीच्या बागा लागतात आणि आत कुठंतरी उजनीचं पाणी चमकायला लागतं. नकाशावर या जलाशयाचं नाव यशवंत सागर, पण ते बोलताना कुणाच्या तोंडी मी ऐकलेलं नाही. भीमेवरचं हे धरण भरलं की 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी धरतं, त्यातला 63 टीएमसीहून जास्त मृतसाठा, म्हणजे वापराच्या हिशोबात न धरलेलं तळाचं पाणी. त्यामुळं उन्हाळ्यात वापरायचं पाणी संपलं की 'उजनी मायनसमध्ये गेली' अशी बातमी येते. बाहेरच्या माणसाला वाटतं धरण कोरडं पडलं. पडत नाही, पण काठ मात्र लांब लांब सरकत जातो. जिथं दिवाळीला होड्या असतात तिथं मे महिन्यात भेगाळलेला काळा गाळ असतो, कुठं कुणी गाळपेर केलेली असते, आणि धरणात गेलेल्या गावांतल्या घरांची जोती वर आलेली असतात. अशाच एका जोत्यापासून पन्नास पावलांवर, अगदी पाण्याच्या कडेला, आम्ही तंबू ठोकला. पाणी म्हणजे गारवा, एवढा साधा हिशोब.

दुपार चांगली गेली, हे मान्य केलं पाहिजे. साडेतीनला मीटरवर 41 अंश आणि आर्द्रता 19 टक्के. वेड्या बाभळीची सावली चाळणीसारखी असते म्हणून दोन बाभळींच्या मध्ये चादर बांधली. टॉवेल भिजवून डोक्यावर घेतला की पंधरा मिनिटांत कडकडीत वाळायचा, पुन्हा भिजवायचा. झळा होत्या, पण ओल्या टॉवेलमधून येणारी झळ कूलरसारखी लागते. माठातलं पाणी इतकं गार की भाच्याचे दात शिवशिवले. "शिकवतो म्हणालो होतो ना," मी म्हणालो.

मधेच केळीच्या एका बागेत जाऊन बसायची हुक्की आली. मालकानं हसून परवानगी दिली. आत हिरवंगार, दाट सावली, पायाखाली ओल. पाच मिनिटं स्वर्ग. दहाव्या मिनिटाला तिघांच्या हनुवटीवरून घाम टपकायला लागला. केळीची एवढी मोठी पानं दिवसभर वाफ सोडत असतात आणि आत वारं शिरत नाही. बाहेर भर उन्हात आलो तर बरं वाटलं. रात्री काय होणार याची ही सूचना होती, पण आम्ही केळी खाण्यात दंग.

सूर्य बुडाला तसं वारं पडलं. पश्चिमेला ढगांचे डोंगर उभे राहिले, वीज दूरवर नुसती लुकलुकायची, आवाज नाही. नऊ वाजता मीटर म्हणालं 32 अंश, आर्द्रता 71. दुपारपेक्षा नऊ अंशांनी कमी, म्हणजे मजा असायला हवी होती. प्रत्यक्षात अंगाला अंग लावून कुणीतरी बसलंय असं वाटत होतं. पानही हलेना. तंबूत शिरलो तर तिघांच्या श्वासानं आतलं कापड ओलं झालं आणि मच्छरांच्या भीतीनं चेन उघडता येईना. मी तोच टॉवेल भिजवून छातीवर घेतला. तो वाळलाच नाही. अर्ध्या तासात कोमट झाला, मग पोटिसासारखा गरम. पाणी प्यायला उठलो तर माठातलं पाणीही कोमट. माझा टॉवेल हरला, माठही हरला.

शाळेत शिकलेलं तेव्हा आठवलं. घाम येऊन काही होत नाही, घाम वाळला पाहिजे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण 580 किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, आणि तोच लिटरभर घाम टपकून चादरीत गेला तर तहान तेवढी मागं ठेवतो. माठाचंही तेच, दाराच्या पोत्याचंही तेच. हवेला ओल प्यायला जागाच नसेल तर सगळी युक्ती बंद. चाळीस वर्षं मी ज्याला माझा काटकपणा म्हणत होतो तो एका रात्रीत उघडा पडला. दोन वाजता दोस्त गाळात बसून बिडी ओढत होता. "मुंबैचे लोक जगतात कसे बे?" एवढंच म्हणाला.

पहाटे मात्र पैसे वसूल झाले. साडेपाचला उथळ पाण्यात चाळीसेक रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, उभे होते, माना पाण्यात, पाय काड्यांसारखे. बहुतेक परतून गेलेले असतात या दिवसांत, हे मागं राहिलेले. चित्रबलाकांची एक रांग, शेराट्या, आणि पलीकडून रेल्वेची शिट्टी. सोलापूर-पुणे लाइन इथून फार लांब नाही. पाण्याचा रंग मात्र हिरवा, पोपटी म्हणावा इतका, आणि वास येणारा. उन्हाळ्यात उजनीचं पाणी असं होतं. त्यात पोहायची इच्छा असेल तर आवरा, गाळात पाय कमरेपर्यंत जातो. प्यायचं तर नावच नको. म्हणून ते चाळीस लिटर.

दुसऱ्या दिवशी घोळ झाला. रात्रभर न झोपलेला भाचा सकाळी कॅमेरा घेऊन काठानं सात-आठ किलोमीटर हिंडून आला. पाणी भरपूर पीत होता, नुसतं पाणी. खायचं म्हणजे चार केळी. दुपारी तीनच्या सुमाराला पोटरीत गोळे आले, मग डोकं धरून बसला, मग उलटी. अंग गार आणि चिकट, घाम चालूच. माझी पाचावर धारण बसली. बहिणीला काय सांगू?

दोस्त शांत होता. कारखान्यात वाफेजवळ काम करणारी माणसं त्यानं अशी पडलेली पाहिली आहेत. शर्ट काढला, आडवा केला, पाय पिशवीवर वर ठेवले, दोन ओले टॉवेल अंगावर टाकले आणि पुठ्ठा घेऊन मला म्हणाला, "हाण वारं. टॉवेल नुसता टाकून काय होतंय?" मी हात दुखेपर्यंत पुठ्ठा हाणला. लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ, चहाचा चमचा, असं कालवून घोट घोट पाजलं. मीठ जास्त पडू द्यायचं नाही, चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्यायचं. मी खिशात कांदा ठेवून फिरत होतो, आजीची शिकवण. त्यानं काय झालं माहीत नाही, पण संध्याकाळी भाकरीबरोबर खाल्ला.

तासाभरात भाच्याच्या चेहऱ्यावर रंग आला. तो बरळायला लागला असता, शुद्ध हरपली असती किंवा अंग भट्टीसारखं तापलं असतं तर अंग गार करणं थांबवून नव्हे, ते करत करतच 108 ला फोन लावायचा होता. दोस्तानं मोबाईल काढून शेजारी ठेवलाच होता. उष्माघातात अंगाचा ताप 40 च्या वर जातो, तिथं साखरपाण्याचं काम नाही, आणि बेशुद्ध माणसाच्या तोंडात तर थेंबही घालायचा नाही. मी परत निघू म्हणालो. भाचाच अडून बसला. "मामा, अजून शिकवायचं राहिलंय ना तुमचं?"

संध्याकाळी जाळी आवरून एक मच्छीमार काका आमच्या तंबूपाशी थांबले. पाहिलं, हसू दाबलं.

"पाव्हणं, रातीला हितंच झोपलाव व्हय?"

"हो. पाण्याचा गारवा मिळंल म्हणून."

"पाण्यापाशी कसला गारवा. आम्ही बी दिसभर पाण्यात आस्तो, पर झोपाय माळावर. खाली वारं दबतंय, नुसतं मच्छर आन् दमट. चला वर."

वर म्हणजे खडकाळ टेकाड, पाण्यापासून अर्धा किलोमीटर. तिथं त्यांच्या दोन बाजा होत्या, लोखंडी चौकटीच्या, पट्टी विणलेल्या. बाजेखालून वारं खेळतं हे मी विसरूनच गेलो होतो. तंबूत आम्ही जमिनीला पाठ चिकटवून, वर नायलॉन पांघरून, स्वतःला पुरणासारखं शिजवत होतो. तंबू वर नेला तो वरचं कापड काढून. ते घडी करून गाडीत टाकलं. नुसती आतली जाळी उभी केली, खाली सोलापुरी चादर. काकूंनी चिलापीचं कालवण दिलं, आम्ही शेंगाची चटणी दिली. मी आंबील केली, ताक त्यांच्याकडचं. भाच्यानं तीन वाट्या प्यायली. मीठ, पाणी, पीठ, ताक: दुपारचं ते साखरपाणी काकूंना सांगितलं तर म्हणाल्या, "आंबीलच पाजायची की."

दहा वाजता मीटर 31 आणि 66 दाखवत होतं. कालच्यापेक्षा फार फरक नाही. पण वारं होतं, सलग, पश्चिमेकडून, आणि टॉवेल वाळत होता. हळूहळू, पण वाळत होता. मी आडवा पडून औरंगजेबाचा विचार करत होतो. याच भीमेच्या काठी, इथून खाली माचनूरजवळ ब्रह्मपुरीला, त्याची छावणी 1695 पासून चार वर्षं पडून होती. चार उन्हाळे. नायलॉन नव्हतं हे नशीब म्हणायचं.

झोप लागली. इतकी गाढ की पहाटे तीनला काकांनी हाका मारल्या त्या स्वप्नात वाटल्या. "पाव्हणं, उठा! वळीव आला! माळावर थांबू नगा, गाडीत बसा!" आभाळ फाटल्यागत वीज कडाडली आणि टपोरे, गार थेंब आडवे यायला लागले. तंबूचं वरचं कापड कुठं होतं ते आठवून तिघंही धावलो, तर ते गाडीतच होतं, आणि गाडीत आम्हीही पोचलो. काका-काकू त्यांच्या पत्र्याच्या खोपटाकडं पळाले. आमची चादर जाळीत भिजत राहिली.

गाडीत विजेची भीती नाही, काचा वर केल्या की झालं. बाहेर अख्ख्या उन्हाळ्यात न मिळालेली गार हवा, आणि आत तीन ओले बाप्ये, सहा ओले टॉवेल, चिलापीचा वास. काचा दोन मिनिटांत धुरकटल्या. पुन्हा हनुवटीवरून घाम. भाच्यानं मीटर काढून माझ्यापुढं धरलं: 89.

कुणी काही बोललं नाही. दोस्तानं नुसतं चावीकडं पाहिलं. टेंभुर्णी अजून तीसेक किलोमीटर लांब होती. मी गाडी चालू केली आणि एसीचं बटण दाबलं.