खानापूरच्या घरावर पाऊस, आठवडा तिसरा

तर मंडळी, आज्जीच्या खानापूरच्या कौलारू घराचा मे महिन्यातला दुपारचा फोटो आहे, त्याच्यावर जिम्पमध्ये (फोटो एडिटिंगचं सॉफ्टवेअर) हलता पाऊस पाडून जिफ, म्हणजे हलतं चित्र, करायचं एवढंच काम होतं आणि तिसरा आठवडा चालू आहे 😅

पहिला पाऊस सरळ पाडलेला. आईनं बघितलं आणि म्हणाली, "असला शॉवरसारखा पाऊस कुठं पडतोय रे आपल्याकडं, वाऱ्यानं तिरका यायला पाहिजे की." बरोबर आहे तिचं. मग परत सगळं पहिल्यापासून.

कॅनव्हास 600 बाय 600 पिक्सेल, फ्रेम, म्हणजे एकामागून एक दिसणारी चित्रं, 12 (जिम्पमध्ये प्रत्येक फ्रेम म्हणजे एक लेयर). नॉइजच्या, म्हणजे विखुरलेल्या ठिपक्यांच्या, लेयरला मोशन ब्लर (ठिपके ओढून रेघा करतो), मोड स्क्रीन (काळं गायब, उजळ तेवढं दिसतं), आणि दर फ्रेमला ऑफसेटनं लेयर 100 पिक्सेल खाली, 50 बाजूला, रॅप अराउंड चालू ठेवून (एका कडेनं बाहेर गेलेलं समोरच्या कडेनं परत येतं). 12 फ्रेममध्ये खाली 1200 म्हणजे दोन फेऱ्या, बाजूला 600 म्हणजे एक फेरी, लूप बरोबर जुळतो. ब्लरचा अँगल 63 च्या आसपास, उलटीकडं झुकला तर मायनस करा. ब्लर मात्र कडेला रॅप होत नाही, शिवण दिसते, म्हणून नॉइज आधी 3 बाय 3 टाइल करून ब्लर मारला आणि मधला तुकडा कापून घेतला.

लांबच्या पावसाला निम्मा वेग दिला, 50 खाली 25 बाजूला, आणि दर लूपला झटका बसायला लागला. दोन रात्री गेल्या, त्यात एकदा करंट गेला आणि सेव्ह केलेलं नव्हतं ते वेगळंच. साधा हिशोब होता हो, 25 गुणिले 12 म्हणजे 300, अर्धीच फेरी. 300 रुंदीचा तुकडा करून शेजारी शेजारी दोनदा लावला, झटका गायब.

वेग वाढवायला डिले, म्हणजे एक फ्रेम किती वेळ दिसायची ते, 10 मिलीसेकंद करून बघितला तर ब्राउझरमध्ये पाऊस उलट हळू झाला! इतका कमी डिले बरेच ब्राउझर मानतच नाहीत, सरळ 100 धरतात. आता 80 वर आहे, लेयरच्या नावातच लिहायचं. आणि जिफला 256 रंग, म्हणून कमी पडलेले रंग ठिपक्यांनी भासवायला डिदर लागतं, जांभ्याच्या भिंतीवर फ्लॉइड-स्टाइनबर्ग प्रकारचं लावलं की मुंग्या वळवळल्यासारखं दिसतंय, पोझिशन्ड लावा, ठिपके जागेवर बसतात.

खरी मजा पागोळ्यांची. पहिल्यांदा सगळ्या एकदम पडल्या, बेळगावच्या कॅम्पात मराठा लाईट इन्फन्ट्रीची परेड चालल्यासारख्या. मग प्रत्येक कौलाची पागोळी वेगळ्या फ्रेमला सुरू केली. वळचणीपासून जमिनीपर्यंत 216 पिक्सेल, थेंब 6 फ्रेममध्ये उतरवायचा, तर अंतर सारखं नाही ठेवायचं, 6, 18, 30, 42, 54, 66 असं वाढवत न्यायचं, शाळेतलं 1, 3, 5, 7 चं प्रमाण आठवा. एवढं केलं आणि थेंबाला एकदम वजन आलं, मी अर्धा तास नुसता बघत बसलो.

काल रात्री आईला परत दाखवलं. बराच वेळ बघितलं तिनं, पागोळ्या आवडल्या.

"छान झालंय. पण एवढ्या पावसात वळचणीखाली उन्हाची सावली कशी काय पडली रे?"

😶 चौथा आठवडा.