फीव्हर रेच्या आवाजामागे: डेमो कुठवर आलाय

फीव्हर रेच्या धर्तीवर माझ्या एका मराठी गाण्याचा डेमो, म्हणजे कच्चं रेकॉर्डिंग, करतोय. बेस आणि ड्रम मागच्या नोंदीतच जागेवर बसले होते. तेव्हापासून सगळा वेळ आवाजाला दिलाय. फीव्हर रेचा २००९ चा पहिला अल्बम समोर ठेवून शिकायचं म्हटलं की हे ओघानं आलंच. त्यात सिंथपेक्षा (इलेक्ट्रॉनिक की-बोर्डपेक्षा) गळा हेच मोठं वाद्य आहे.

नव्यानं आलेल्यांसाठी: फीव्हर रे हा स्वीडनच्या कारिन ड्रेयर यांचा सोलो प्रकल्प. भाऊ ओलोफ यांच्याबरोबरच्या ‘द नाइफ’ या जोडीत, विशेषतः २००६ च्या ‘सायलेंट शाउट’ अल्बमवर, आवाज खालीवर ओढायचे खेळ आधीच झाले होते. सोलो म्हटलं तरी पहिल्या अल्बमच्या निर्मितीत क्रिस्टोफर बर्ग आणि ‘व्हॅन रिव्हर्स अँड द सबलिमिनल किड’ ही जोडी होती.

त्या अल्बममधलं ‘इफ आय हॅड अ हार्ट’ बहुतेकांनी ‘व्हायकिंग्ज’ मालिकेच्या शीर्षकात ऐकलंय. खाली उतरवलेल्या आवाजात सुरू होतं, आणि बऱ्याच वेळानं नेहमीचा आवाज येतो. तो आला की अंगावर काटा येतो, कारण तोवर कान त्या जड गळ्याला सरावलेले असतात. मला हाच क्रम हवाय.

नुसतं पिच (सुराची उंची) खाली ओढणारं प्लगइन, म्हणजे रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरला जोडायचं छोटं साधन, लावून बघितलं. सूर उतरतो, पण शब्दांची चाल, श्वास, सगळं माझंच राहतं. माणूस बदलत नाही. म्हणून जुनी टेपवाली युक्ती. गाणं पांढरी एकमध्ये, ८४ बीपीएमला (मिनिटाला ८४ ठोके) हवं होतं. ट्रॅक पळवून १०० वर नेला, म्हणजे पट्टी काळी दोन झाली. त्यावर गायलो आणि सगळं परत ८४ वर उतरवलं. सूर मूळ पट्टीत, गळा मात्र तीन सेमीटोननं (की-बोर्डवरच्या तीन पट्ट्यांनी) जड. श्वाससुद्धा रेंगाळतो. हे कुठलंही प्लगइन देत नाही, निदान माझ्याकडचं तरी नाही.

मराठीत गायलं की एक गंमत होते. वरच्या फ्रिक्वेन्सी खाली सरकल्यामुळे ‘स’ हा ‘श’कडे झुकतो, आणि ‘चांदणं’मधला आपला दंत्य च चक्क हिंदीतला वाटू लागतो. उपाय किचकट आहे. हे फुसकारे कापून वेगळ्या ट्रॅकवर घेतले. त्यांना लांबी दिली, पण पिच तसाच ठेवला. हेडफोनवर सांधा अजून थोडा कळतो, स्पीकरवर नाही.

ड्रोनसाठी (मागं सतत वाजणाऱ्या एका सुरासाठी) तानपुरा लावायचा मोह ज्यांना होतोय त्यांनी थांबावं. जवारीमुळे, म्हणजे तारांच्या त्या झणझणीमुळे, वरची सगळी जागा भरून जाते आणि जड आवाज त्यात बुडतो. मी सिंथची साधी सॉ वेव्ह (करवतीच्या दातांसारखी लहर) घेऊन फिल्टरनं ४०० हर्ट्झच्या वरचं कापलं. फिल्टर अगदी हळू हलतो, बस.

राहिलंय ते नेहमीच्या आवाजाचं कडवं. ते ८४ वरच, रिव्हर्ब (खोलीतल्या घुमण्याचा परिणाम) जवळपास न लावता रेकॉर्ड करणार आहे.