मार्क सिक्स घ्यावा की कॉन? तुम्ही विचारलंत म्हणून

"जुन्या सॅक्सोफोनमध्ये सगळ्यात चांगलं मॉडेल कोणतं?" या प्रश्नाला लोकांना एका नावाचं उत्तर हवं असतं, आणि बहुतेक वेळा ते फ्रेंच कंपनीचा 'सेल्मर मार्क सिक्स' असावं अशीच अपेक्षा असते; कॉन ही अमेरिकी कंपनी. मॉडेलच्या नावावरून खात्रीने दोनच गोष्टी कळतात: बोटांना काय सवय करावी लागेल आणि बिघाड नेमका कुठे शोधायचा. सूर मात्र समोरच्या त्या एका नगावरच ठरतो. एकाच वर्षाचे, एकाच मॉडेलचे दोन टेनर (ऑल्टोहून मोठे, खालच्या आवाजाचे सॅक्सोफोन) शेजारी ठेवले आणि एकाची नेक (नळीचा तोंडाकडचा सुटा तुकडा) दाबून वाकलेली असली, तर तुलना मॉडेलची राहतच नाही.

मॉडेलच्याही आधी पट्टी बघा. विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत अमेरिकी कारखाने दोन पट्ट्यांत वाद्यं बनवत. सिरियल नंबरजवळ 'एल' किंवा 'एलपी' (लो पिच) असा ठसा असेल तर पट्टी आजची, म्हणजे ए हा सूर ४४० हर्ट्झ. 'एच' किंवा 'एचपी' (हाय पिच) असेल तर ए साधारण ४५७, म्हणजे अर्ध्या सुराच्या जवळजवळ दोन तृतीयांश इतकी चढी. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) बाहेर ओढून हे निभत नाही. ओढल्याने आखूड नळीचे सूर जास्त उतरतात आणि लांब नळीचे कमी, त्यामुळे एक सूर जुळवला की बाकीचे आपसात बिघडतात. असं वाद्य भिंतीवर छान दिसतं. दुसरी फसगत सी-मेलडीची. आकाराने ते ऑल्टो आणि टेनर यांच्या मधलं असतं आणि फोटोत सहज टेनर म्हणून खपतं. ठसा बघा: ऑल्टो ई-फ्लॅटमध्ये, टेनर बी-फ्लॅटमध्ये, हे मात्र सी मध्ये.

आता सेल्मर. १९३६च्या बॅलन्स्ड अॅक्शनने बेलवरच्या (नळीच्या रुंद तोंडावरच्या) कीज, म्हणजे दाबायच्या कळांच्या झाकण्या, उजव्या बाजूला नेल्या. पुढच्या सुपर अॅक्शनमध्ये वरच्या आणि खालच्या हाताच्या कीज एका ओळीत न ठेवता किंचित फिरवल्या, म्हणून मनगट वळवावं लागत नाही. १९५४मध्ये मार्क सिक्स आला, कारखान्याच्या यादीत सिरियल नंबर ५५२०१पासून. १९७०च्या दशकाच्या मध्यावर ऑल्टो आणि टेनरमध्ये त्याची जागा मार्क सेव्हनने घेतली. सोप्रानो आणि बॅरिटोन त्यानंतरही बनत राहिले. बाजारात 'पाच आकडी' नंबरला, म्हणजे एक लाखाच्या आतल्या, साधारण १९६२पर्यंतच्या वाद्यांना मान आहे. पण इतक्या वर्षांत नेक आणि बेलच्या वळणाची मापं एकदा नाही, अनेकदा बदलली. त्यामुळे 'पाच आकडी म्हणजे चांगला' हे वर्गीकरण मुख्यतः किमतीचं आहे. मार्क सिक्सचं पितळ तोफगोळ्यांची टरफलं वितळवून केलं, ही दंतकथा तर सोडूनच द्या.

मार्क सिक्स टेनरवर खालचा बी आणि बी-फ्लॅट कधी कधी थरथरतो, बोटीच्या इंजिनासारखा भुडभुडतो. त्याला सरसकट खोट समजू नका. आधी गळती तपासा. गळती नसेल तर बेलच्या तळाशी बुचाचा तुकडा टाकून बघा. कित्येकदा एवढ्यावर भागतं.

अमेरिकी वाद्यांची दुखणी वेगळी आणि ज्याची त्याची. कॉनच्या सिक्स-एम ऑल्टो आणि टेन-एम टेनरला १९४७च्या सुमारापर्यंत टोन होलची (नळीवरच्या भोकांची) कड बाहेर वळवलेली असायची. अशी कड वाकडी झाली तर कानस लावायची नाही. पत्रा पातळ असतो, घासला की वळणच उघडं पडतं. आतून हळूहळू उचलून ती सपाट करावी लागते, आणि हे काम सगळ्या कारागिरांना जमत नाही. सिक्स-एमच्या नेकवर फिरवून पट्टी बदलायची मायक्रोट्यूनरची कडी असते. ती जाम आहे का, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे डुगडुगते का, ते बघा. डुगडुगली की हवा तिथूनच जाते.

मार्टिनने टोन होल नळीच्या पत्र्यातून ओढून न काढता वेगळे करून सोल्डरने बसवले. दशकांनंतर सोल्डर गंजतो आणि बुडाशी बारीक फट पडते. पॅड (भोकं झाकणाऱ्या गाद्या) नवे, बसलेतही नीट, तरी खालचे सूर येत नाहीत, तेव्हा संशय इथे घ्यायचा. ब्युशरमध्ये पॅड सरसने किंवा लाखेने न चिकटवता मधल्या छोट्या खुंटीवर, टिचबटणासारखे दाबून बसवत. आज बाजारात मिळणारे जाड पॅड घालता यावेत म्हणून अनेकांनी त्या खुंट्या कापून टाकल्या. प्रत्येक पॅडकपच्या मधोमध खुंटी शाबूत आहे का, हे विचारून घ्या. एकदा कापली की मूळ रचना गेली. किंग सुपर ट्वेंटीत आधीच्या काळात नेक चांदीची असे आणि नेकचा सांधा दुहेरी. नंतर दोन्ही गोष्टी गेल्या, म्हणून नुसत्या नावावर किंमत ठरवू नका.

बेलवर अनोळखी नाव असेल तर तेही लगेच टाकाऊ ठरवू नये. कॉन, ब्युशर, मार्टिन इतरांच्या नावाने भरपूर वाद्यं बनवत. की-गार्डचा (कीजवरच्या संरक्षक पट्टीचा) आकार आणि टोन होलची घडण बघितली की मूळ कारखाना बहुधा ओळखता येतो.

वाद्य हातात आल्यावर पहिली नजर नेकवर टाका. बाजूने बघा: वळणाखाली नळी चपटी, लंबगोल झाली असेल तर नेक कधीतरी दाबली गेली आहे. ती सरळ करता येते, पण मूळ माप परत येईलच असं नाही. नेक त्याच वाद्याची आहे का हेही विचारा. सुरात सगळ्यात मोठा फरक याच तुकड्याने पडतो. मग बेलवरची नक्षी बघा. रेषा बोथट, स्क्रूच्या खाचेत लॅकर (वरचा चकचकीत लेप) साचलेलं आणि कीज धरणाऱ्या खांबांच्या कडा गोल झालेल्या असतील, तर वाद्य घासून पुन्हा लॅकर केलेलं आहे. किंमत पडतेच. माझ्या मते नवं लॅकर फारसं बाधत नाही, बेताल घासाई बाधते.

गळती शोधायला अंधाऱ्या खोलीत नळीत लांब बारीक दिवा सोडा आणि की हलक्या बोटाने दाबा. जोरात दाबली तर कुठलाही पॅड बंद होतो, मग तपासणीला अर्थ नाही. शंका वाटली तिथे सिगरेटच्या कागदाची चार-पाच मिलिमीटर रुंद पट्टी पॅडखाली धरून चारही बाजूंनी ओढा. पकड सगळीकडे सारखी हवी. एक झटपट चाचणी: खालचा डी वाजवत असताना जी-शार्पची की दाबा. सुरात फरक पडायला नको. पडला, तर जी-शार्पचा पॅड किंचित उचलला जातो आहे. नव्या रचनांत हे स्क्रूने जुळतं, जुन्या अनेक वाद्यांत कॉर्कची जाडी बदलावी लागते. आणि नेकच्या सांध्याला बाहेरून चिकटपट्टी गुंडाळून खालचा बी-फ्लॅट वाजवा. सूर एकदम सुधारला तर सांधा सैल आहे. स्क्रू जास्त आवळून तो बसत नाही, उलट कॉलर वाकते.

इतकं झाल्यावरच दोन वाद्यांची तुलना करा, नाहीतर मॉडेलऐवजी दोन दुरुस्त्यांचीच तुलना होते. माउथपीस आणि रीड एकच ठेवा. वाद्य पाच मिनिटं फुंकून गरम करा. डोळे मिटून सूर स्थिर लावा आणि मगच ट्यूनरकडे बघा, कारण काटा दिसला की ओठ नकळत दुरुस्ती करतात. खालच्या बी-फ्लॅटपासून वरच्या एफपर्यंत, चढताना आणि उतरताना, प्रत्येक सुराचे सेंट (अर्ध्या सुराचे शंभरावे भाग) लिहून काढा. मधला डी जवळपास सगळ्याच सॅक्सोफोनवर थोडा चढा असतो, त्यावरून वाद्य बाद करू नका. एखाददुसरा सूर सुटा चढला असेल तर की फार उघडते आहे का बघा. वरचं अख्खं सप्तक चढत असेल तर आधी माउथपीस बदला. १९२० ते १९४०च्या काळातली बहुतेक वाद्यं मोठ्या पोकळीच्या माउथपीसवर बेतलेली आहेत. अरुंद पोकळीचा, तीक्ष्ण आवाजाचा आजचा माउथपीस लावून 'कॉन बेसूर असतात' असा निकाल देणारे पुष्कळ आहेत.

आवाजाचा निवाडा वाजवणाऱ्याने एकट्याने करू नये. बेल त्याच्यापासून पुढे तोंड करून असते, त्याला वेगळंच ऐकू येतं. फोन एकाच जागी, दोनेक मीटरवर ठेवून रेकॉर्ड करा आणि कुठलं वाद्य कुठलं हे न सांगता दुसऱ्याला ऐकवा.

रोज तीन-चार तास वाजवणार असाल आणि हात आजच्या वाद्यांवर बसलेला असेल, तर बॅलन्स्ड अॅक्शननंतरचं सेल्मर किंवा त्याच मांडणीचं वाद्य घ्या. टेन-एमचा रुंद, भरदार आवाज हवा असेल तर डाव्या करंगळीच्या जड कीज सोसाव्या लागतील, त्यासाठी काही आठवड्यांची सवय धरा. वरचा एफ-शार्प जुन्या वाद्यांवर बहुधा नसतोच. तो वेगळ्या बोटमांडणीने काढायला शिका, कारण ती की नंतर बसवून घेणं म्हणजे नळीला नवं भोक पाडणं.